रंग ओला आहे

तुमच्याही ओळखीत असा एकजण असणारच. लग्नात वधूवरांवर अक्षता पडत असताना तो मागच्या पडद्यावरच्या थर्माकोलच्या अक्षरांमधलं अंतर डोळ्यांनी मोजत असतो. आमच्या इमारतीत तो तिसऱ्या मजल्यावर राहतो. दिवसा विमा कंपनीत नोकरी, रात्री फ्लाइट सिम्युलेटरमधली विमानं रंगवणं. सगळी इमारत त्याला पेंटर म्हणते. पहिल्या मजल्यावरचे काका एकदा खरंच गॅलरी रंगवायचा भाव विचारायला गेले. तासाभराने परतले तेव्हा बोइंग ७४७ च्या शेपटीवरचा नेमका लाल कोणता, एवढंच त्यांना कळलं होतं.

सिम्युलेटर म्हटलं की आपल्याला वाटतं, माणूस विमान उडवत असेल. पेंटर उडवत नाही. दिवाळीच्या सुट्टीत भाचा आला म्हणून मी त्याला हौसेने वर घेऊन गेलो. पडद्यावर मुंबईचा विमानतळ, त्यावर ऐटीत उभं जम्बो. भाच्याने जॉयस्टिककडे हात नेला मात्र, पेंटर ओरडला, "थांब! रंग ओला आहे!" पोराने खरंच पडद्याला बोट लावून बोट बघितलं. भाच्याला मिसरूड फुटलं, पण त्या विमानाचा रंग काही वाळला नाही.

ते जम्बो म्हणजे 'एम्परर अशोक', १९७१ साली एअर इंडियाकडे आलेलं पहिलं ७४७. त्याच्या प्रत्येक खिडकीभोवती लाल झरोका रंगवलेला असे. ज्याला हे सुचलं त्याने पेंटरच्या शेजाऱ्यांचा विचार केला नव्हता. सिम्युलेटरमध्ये विमानाची कातडी म्हणजे एक सपाट चित्र. ते मॉडेलभोवती गुंडाळलं जातं. नाकाकडे गोलाई सुरू झाली की चित्र ताणतं आणि सरळ काढलेला झरोका फेंगडा होतो. म्हणून तिथले झरोके मुद्दाम फेंगडे काढायचे, मग ते सरळ दिसतात. हे शास्त्र त्याने मला जिन्यात उभं करून समजावलं. दुधाच्या पिशव्या माझ्या हातात होत्या.

झरोके परवडले, अक्षरं नकोत. काही जुन्या मॉडेलांत दोन्ही बाजूंना एकच चित्र वापरलेलं असतं. डावीकडे नाव सुरेख उमटतं आणि उजवीकडे तेच आरशात बघितल्यासारखं उलटं. त्यातून देवनागरी असेल तर विचारूच नका. जुन्या चित्रकामाच्या प्रोग्रॅमांना आपली जोडाजोड समजत नसे. 'इंडिया' लिहिलं की 'ड'ची वेलांटी सुटायची आणि 'या'च्या डोक्यावर जाऊन बसायची. त्या एका वेलांटीपायी पेंटरने गणपतीतली रजा घालवली. शेवटी त्याने फॉन्टचा नाद सोडला, जुने फोटो मोठे केले आणि अक्षरं हाताने गिरवली. शिरोरेखा जोडून झाल्यावर मला वर बोलावलं. मी म्हणालो, "छान झालंय रे. आता उडव." तो दुखावल्यासारखा म्हणाला, "अरे, रंग ओला आहे."

एकदा मी हिशेबाने त्याला गप्प करायला गेलो. जम्बोची लांबी ७० मीटर. ती १०२४ पिक्सेलच्या एका चित्रात बसवली तर एक पिक्सेल पडतो जवळजवळ ७ सेंटीमीटरचा. म्हणजे दाराजवळची बारीक सूचना एका ठिपक्यात संपली. ती कोण वाचणार? "म्हणून तर तुकडे पाडून चार चित्रं करतो," असं म्हणून त्याने पडद्यावर एक राखाडी रेघ मोठी करत नेली. शेवटी तिथे खरोखरच शब्द निघाले. त्यांत एक स्पेलिंग चुकलेलं होतं. मी ते दाखवलं आणि पुढचे दोन आठवडे तो माझ्याशी बोलला नाही. ते दोन आठवडे फार सुखात गेले.

त्याच्या यादीत चालू कंपन्या कमीच. दमानिया, ईस्ट-वेस्ट, सहारा, २०१२ मध्ये जमिनीवर बसलेली किंगफिशर, एप्रिल २०१९ मध्ये अमृतसरहून मुंबईला शेवटचं उड्डाण करून थांबलेली जेट, २०२४ च्या नोव्हेंबरात एअर इंडियात विरघळलेली विस्तारा. कंपनी गेल्याची बातमी आली की हा नवी फाइल उघडतो. वहिनी म्हणतात, "लोकांचा पितृपक्ष पंधरा दिवसांचा, आमच्याकडे बाराही महिने."

मध्यंतरी त्याच्याकडे एक कॅप्टन आले होते. अशाच एका बुडालेल्या कंपनीतले. कोणत्या ते सांगत नाही. कित्येक महिन्यांचा पगार अडकलेला, वर परवान्याची मुदतही संपलेली. पेंटरने त्यांच्या विमानाचा फोटो कुठेतरी बघून तेच विमान, त्याच नोंदणी क्रमांकाचं, तयार ठेवलं होतं. कॅप्टननी जॉयस्टिक हातात घेतली. मी पेंटरकडे बघत राहिलो. तो चक्क गप्प बसला.

विमान समुद्राच्या दिशेने उठलं. लगेच याने बाहेरून बघायचं बटण दाबलं. "अहो, मला समोरचं दिसू द्या," कॅप्टन म्हणाले. "समोर काय, पाणीच आहे," पेंटर म्हणाला, "शेपटीवर ऊन कसं पडलंय ते बघा." पहिली काही मिनिटं दोघं त्या बटणासाठी भांडत होते. मग कॅप्टनही शेपटीच बघायला लागले. या माणसाला इतकी वर्षं मी उगाच छळवादी समजत आलो, असं मला क्षणभर वाटलं. क्षणभरच, कारण लगेच त्याने वही काढली.

"नाकाखालच्या चाकाच्या झाकणावर कुठली अक्षरं होती? फोटोत नीट दिसत नाहीत."

कॅप्टननी ताबडतोब सांगितली. शिवाय त्या झाकणाचा उजवा कोपरा एकदा दुरुस्तीनंतर वेगळ्याच पांढऱ्याने रंगवला होता, तेही सांगितलं. पेंटरने दोन्ही टिपून घेतलं, पांढऱ्याची छटा खोदून खोदून विचारली. हाच प्रश्न त्या कंपनीच्या मालकाला केला असता, तर त्याने आधी वकिलाला फोन लावला असता.