कंडेन्सर गेलाय!

स्टिरिओचा एक स्पीकर गप्प झाला की घरातला प्रत्येक जण इंजिनिअर होतो. बाबा म्हणाले, ‘‘व्होल्टेज.’’ बायको म्हणाली, ‘‘वय.’’ खालच्या मजल्यावरच्या काकांनी आयुष्यात फक्त दारावरची बेल जोडलेली. त्यांनी झाकणही न उघडता निदान केलं, ‘‘कंडेन्सर गेलाय!’’ आपल्याकडे पंखा असो की पाण्याची मोटर, आरोपी ठरलेला असतो. पुरावा नंतर सवडीने गोळा करायचा.

आरोप अगदीच हवेतला नव्हता. मामांनी मस्कतहून आणलेला हा सत्तरच्या दशकातला जपानी रिसीव्हर. ट्यूनिंगची घुंडी इतकी वजनदार की एक हिसका दिला की काटा 88 पासून 108 पर्यंत आपल्या मर्जीने सरकत जातो. पन्नास वर्षांत इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर आतून सुकतात, हेही खरं. पण या पिढीला पुराव्याची सवय आहे. 1974 पासून अमेरिकेत वॉटचा आकडा छापायचा तर दोन्ही चॅनल एकदम, सलग वाजवून तो सिद्ध करावा लागे. पुढे आपल्याकडे टू-इन-वनवर हजारो वॉट ‘पीएमपीओ’ झळकले, ते कोणी सिद्ध करायला सांगितले नाहीत म्हणून.

रिसीव्हर लॅमिंग्टन रोडला नेला. (कागदोपत्री हा भडकमकर मार्ग, पण टॅक्सीवाला कागद वाचत नाही.) तिथला मेकॅनिक आरोप करत नाही, एकेकाला निर्दोष सोडत जातो. आधी त्याने रिसीव्हर शंभर वॉटच्या पिवळ्या बल्बबरोबर सिरीजमध्ये लावला. आत शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो. आमचा क्षणभर उजळला आणि मंदावला. पॉवर सप्लाय सुटला. मग स्पीकरच्या वायरी उलटसुलट केल्या. शांतता डावीकडून उठून उजवीकडे जाऊन बसली; स्पीकर सुटला. वायरी पूर्ववत करून मागच्या लाल-पांढऱ्या पिनांची अदलाबदल केली. शांतता जागची हलली नाही. सीडी प्लेअर सुटला.

शेवटी त्याने आवाज चढवला. अर्ध्यावर येताच डावा स्पीकर खाकरला आणि चक्क गाऊ लागला.

‘‘रिले,’’ मेकॅनिक म्हणाला.

बटण दाबल्यावर काही सेकंदांनी आतून ‘टक्’ असा आवाज येतो, तो या रिलेचा. ॲम्प्लिफायर स्थिरावला, बाहेर डीसी येत नाही, अशी खात्री पटली की मगच तो स्पीकर जोडतो. त्याचे कॉन्टॅक्ट काळे पडले होते. हळू आवाज त्या थराला अडत होता, मोठा धक्का मारून पार होत होता. थोडक्यात, ओरडल्याशिवाय ऐकायचं नाही. हे घरी सांगितल्यावर बायको म्हणाली, ‘‘सासरचीच वस्तू ती!’’

मेकॅनिकने रिलेचं पारदर्शक टोपण काढलं. कोऱ्या कागदाची पट्टी क्लीनरमध्ये भिजवून कॉन्टॅक्टच्या चिमटीत धरली आणि हलकेच ओढली. पट्टीवर काळी रेघ उमटली. ‘‘पॉलिश पेपर लावायचा नाही,’’ तो म्हणाला, ‘‘वरचा मुलामाच जातो.’’ वर सल्ला दिला, की नवा रिले मिळेल तेव्हा बदलून टाका.

आता अगदी हळू आवाजातही दोन्ही बाजू व्यवस्थित ऐकून घेतल्या जातात. आमच्या घरात ही सोय सध्या फक्त रिसीव्हरमध्ये आहे.