एका आज्ञार्थाची वहिवाट

इंग्रजी भाषेत काही क्रियापदे अशी आहेत की, ज्यांवर तिच्या कोशकारांनी पानेच्या पाने खर्ची घातली आणि तरीही जी तर्खडकरी पाठमालेवर पोसलेल्या आमच्यासारख्या विद्यार्थ्यांच्या हाती पुरती कधी लागली नाहीत. 'गेट', 'पुट', 'सेट' ही त्यांतली विशेष उपद्व्यापी मंडळी. मागे एखादे चिमुकले अव्यय जोडले जाताच मिळवणारा मनुष्य पळू लागतो आणि ठेवणारा मनुष्य दिवे विझवतो. या मंडळींचा धाक मनात बाळगून मी पोटामागे बंगळुरास आलो, आणि येथे ज्या इंग्रजी क्रियापदाने माझा उर्वरित संसार व्यापला, ते यांपैकी एकही नव्हते. शाळेत ते आम्हांला दुर्बिणीचे भिंग आणि घड्याळाचे काटे यांच्या संगतीत, अगदी सालस वेषात भेटले होते. ते क्रियापद म्हणजे 'ॲडजस्ट'.

बंगळुरात हे क्रियापद सडे हिंडत नाही. पुढे 'स्वल्प' हा शुद्ध संस्कृत शब्द आणि मागे 'माडि' हा आदरार्थी कन्नड आज्ञार्थ, असा लवाजमा घेऊनच ते घराबाहेर पडते: 'स्वल्प अड्जस्ट माडि'. जरासे जमवून घ्या, एवढाच त्याचा उघड अर्थ. आपण मराठी लोकांनी 'स्वल्प' हा शब्द एका विरामचिन्हाच्या नावात कोंडून ठेवला आहे. कानडी बांधवांनी त्याला रोजच्या राबणुकीस जुंपले, आणि माझ्या मते या सूत्रातले सारे राजकारण त्या एका शब्दात आहे. कारण 'पुष्कळ जमवून घ्या' असे कोणी म्हटले असता जो गृहस्थ तत्काळ वकिलाचे घर गाठील, त्याच गृहस्थापुढे तीच मागणी 'स्वल्प' म्हणून ठेवली की नकार देताना त्याला आपल्याच मनाच्या कोतेपणाची शरम वाटू लागते.

मोरो केशव दामले यांनी 1911 साली मराठी व्याकरणाचा जो विशाल ग्रंथ सिद्ध केला, त्यात या धातूला स्थान मिळाले असते, तर त्या साक्षेपी पंडितांना बराच खल करावा लागला असता. धातू दिसतो सकर्मक. परंतु त्याचे कर्म कोणी उच्चारीत नाही. जागा, वेळ, पैसा की स्वाभिमान, यांपैकी नेमके काय जमवून घ्यावयाचे, हे ज्याचे त्याने प्रसंगावरून ताडावे. अर्थांपैकी आज्ञार्थ तेवढा शाबूत, पुरुषांपैकी द्वितीय तेवढा. 'मी अड्जस्ट करतो' असे आपणहून म्हणणारा नागरिक येथे दुर्मीळ, आणि 'मी अड्जस्ट केले' हे भूतकाळी रूप तर या क्रियापदाला नाहीच, अशी माझी दीर्घकाळ समजूत होती.

अर्थांची व्याप्ती मात्र अशी की, परस्परविरोधी अर्थ एकाच दिवसात, एकाच मनुष्यावर, गुण्यागोविंदाने लागू व्हावेत. रिक्षावाला 'मीटर मेले इप्पत्तु' म्हणजे मीटरच्या आकड्यावर आणखी वीस अशी दरखास्त मांडतो आणि आपल्या भिवया चढलेल्या दिसताच 'स्वल्प अड्जस्ट माडि, सार्' अशी पुस्ती जोडतो. येथे अर्थ झाला, अधिक द्या. त्याच रिक्षातून उतरून आपण कोपऱ्यावरच्या दुकानात काडेपेटी घ्यावी, तर दुकानदार 'चिल्लरे इल्ल' म्हणून उरलेल्या सुट्या पैशांच्या जागी दोन चॉकलेटे तळहातावर ठेवतो आणि तोच मंत्र म्हणतो. येथे अर्थ झाला, कमी घ्या. जमा आणि नावे या दोन्ही बाजूंना एकच शब्द लिहून दोन्हीकडे खोट आपलीच दाखवणारी अशी कीर्द पेशव्यांच्या दप्तरात एखाद्या कारकुनाने लिहिली असती, तर त्याची रवानगी कोठे झाली असती हे सांगणे नको.

या शब्दाचा कोशातला अर्थ ज्याच्या धंद्याला खरोखर लागू पडावा असा मनुष्य म्हणजे शिंपी. पण माझी विजार कमरेत दोन बोटे आवळ झालेली मी दाखवली, तेव्हा शिंप्याने माझ्या विजारीकडे न पाहता माझ्याकडे पाहिले, आणि 'आठ दिवसांत अड्जस्ट होईल' असे आश्वासन दिले. कापड सैल होईल की मी रोड होईन, याचा खुलासा त्याने केला नाही आणि मलाही विचारण्याचे धैर्य झाले नाही.

पोटाच्या बाबतीत मात्र या क्रियापदाने या शहरावर उपकारच केले आहेत. गांधी बझारातील 1943 पासून चालत आलेल्या विद्यार्थी भवनात रविवारी सकाळी जावे, तर चार खुर्च्यांच्या मेजाभोवती चार अपरिचित कुळे एकमेकांच्या चटणीकडे न पाहण्याचा सभ्यपणा राखून डोसा खात असतात. एक कॉफी दोन पेल्यांत विभागून घेण्याची 'बाय टू' नामक जी रीत येथे रूढ आहे, तिच्यात अर्ध्या कॉफीचा आनंद पूर्ण मानण्याची जी साधना आहे, ती मला अद्यापि साधलेली नाही. मी समोरच्याच्या पेल्यातील पातळी नजरेने मोजतो. आणि दुसऱ्या महायुद्धात तांदळाची टंचाई पडली असता मावळ्ळी टिफिन रूम्सच्या मुदपाकखान्यात रव्यावर प्रयोग होऊन रवा इडली जन्मास आली, ही जी हकीकत ती संस्था सांगते, तिचा विचार करता, जपानी सैन्य ब्रह्मदेशात शिरले म्हणून बंगळुरातील इडलीने जमवून घेतले, असेच म्हणावे लागते. इतक्या चवदार तडजोडी इतिहासात थोड्या.

घरमालकांच्या तोंडी हाच शब्द अधिक गंभीर रूप धारण करतो. या शहराला पिण्याचे पाणी देणारी कावेरी सुमारे 100 किलोमीटर दूर आणि कित्येकशे मीटर खाली वाहते. तिला उपसून वर चढवणे हा मोठाच पराक्रम आहे, आणि तो पराक्रम ज्या दिवशी थकतो त्या दिवशी घरमालक जिन्यात उभे राहून, 'इवत्तु नीरु इल्ल, स्वल्प अड्जस्ट माडि' अशी घोषणा करतात. येथे अर्थ झाला, अंघोळ करू नका. या सर्वांस भाडेकरूने देण्याचे रूढ उत्तर एकच: 'पर्वागिल्ला'. त्यातली 'पर्वा' ही आपल्या मराठी परवेचीच फारसी सख्खी बहीण आणि पुढचे 'इल्ल' हा कन्नड नकार. विजापूरकरांनी या मुलखावर काय काय लादले याची यादी इतिहासकार देतील. परंतु बेपर्वाईला इतके सभ्य रूप देण्याची सामग्री त्यांच्याच भाषेतून आली, हेही नमूद असावे.

विजापूरचा विषय निघालाच आहे, तर हे सांगितले पाहिजे की, या शहराचा इतिहासच मुळी या क्रियापदाने चालवला आहे. केंपेगौडांनी 1537 साली वसवलेले हे गाव 1638 मध्ये विजापूरच्या रणदुल्लाखानाने घेतले आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. पुढे त्यांचे पुत्र एकोजीराजे तंजावरच्या गादीवर बसले. तेथून बंगळूर दूर पडू लागले, म्हणून त्यांनी ते 3 लक्ष रुपयांस म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयरांना देण्याचे बोलणे लावले. व्यवहार पुरा होण्यापूर्वीच 1687 मध्ये औरंगजेबाचा सरदार कासीमखान येऊन गावावर बसला. आणि लवकरच मोगलांनी तेच गाव चिक्कदेवराजांच्या स्वाधीन केले. विकणारा बदलला, घेणारा तोच राहिला, आणि ज्या मराठ्यांनी गिऱ्हाईक आणले त्यांनी काय करावयाचे, तर स्वल्प अड्जस्ट. पुढे इंग्रजांनी 1809 मध्ये जुन्या पेठेशेजारी आपली छावणी थाटली, आणि एकाच नावाची दोन गावे निराळ्या कारभाराखाली 1949 पर्यंत शेजारी शेजारी नांदली. 2014 च्या नोव्हेंबरात सरकारी दप्तरी 'बॅंगलोर'चे 'बेंगळुरू' झाले, तेव्हा पाट्या रंगवणाऱ्यांखेरीज कोणाची धावपळ झाल्याचे मला दिसले नाही.

मराठीत या धातूला प्रतिशब्द नाहीत असे नाही. उलट ते फार आहेत. चालवून घ्या, भागवून घ्या, सांभाळून घ्या, नमते घ्या. आणि सरकारी मराठीत 'समायोजन', जे बहुधा अतिरिक्त ठरलेल्या शिक्षकांच्या वाट्यास येते. मुंबईच्या लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथा टेकतो तेव्हा तर शब्दही लागत नाही, गुडघा पुरतो. परंतु आपल्याकडच्या आणि येथल्या वापरात एक भेद आहे, आणि तो मला आपल्या बाजूने मुळीच भूषणावह वाटत नाही. बंगळुरात जमवून घेणारा इसम दर प्रसंगी बदलतो. रिक्षात मी असेन, तर सिग्नलला मला वाट देण्यासाठी गाडी मागे घेणारा दुसरा कोणी असेल. आपल्या घरांत मात्र या क्रियापदाचा कर्ता पिढ्यानपिढ्या कायम नेमून ठेवलेला आहे. वधू पाहिजे या सदरातील 'जुळवून घेणारी' हे विशेषण वर पाहिजे या सदरात कोणी वाचले असल्यास मला अवश्य कळवावे.

राहता राहिली शहर बस. शिवाजीराव गायकवाड नावाचे मराठी घरातले एक बंगळूरकर तरुण रजनीकांत होण्यापूर्वी येथल्याच बसमध्ये कंडक्टर होते, ही गोष्ट स्थानिक मराठी मंडळी इतक्या अभिमानाने सांगतात की, जणू तिकिटे त्यांनीच फाडली. 'ॲडजस्ट' या शब्दाच्या लॅटिन कुळीत मुळाशी 'जवळ' असा अर्थ आहे, न्यायाशी त्याची सोयरीक मागाहून जुळवली गेली, हे विद्वानांचे मत मला याच बसमध्ये पटले. कारण येथे सहप्रवासी जितका जवळ येतो तितका न्याय दूर जातो. 11 जून 2023 पासून कर्नाटकात स्त्रियांना साध्या सरकारी बसमधून विनामूल्य प्रवास सुरू झाला, आणि पुढल्या भागातल्या स्त्रियांच्या आसनांवर या क्रियापदाला नवा बहर आला.

अशाच एका बसमध्ये, दोघींच्या आसनावर आधीच तिसरी बसलेली असताना, एक चौथी बाई पिशवी सावरीत आली आणि खिडकीशी बसलेल्या वृद्धेला तिने ते तीन शब्द ऐकवले. आजीबाईंनी मान वळवली आणि स्पष्ट स्वरात उत्तर दिले, 'आग्ले माडिद्दीनि.' केव्हाच केले आहे! प्रथमपुरुष, एकवचन, आणि क्रिया पुरी झालेली; ज्या रूपाचे अस्तित्वच मी नाकारले होते ते माझ्या पुढ्यात उच्चारले गेले, आणि दामल्यांच्या ग्रंथाला पुरवणी जोडण्याच्या माझ्या मनसुब्यावर पाणी पडले. बसमध्ये क्षणभर सगळ्यांनी आजीबाईंकडे पाहिले. मग कंडक्टरने तिकीटयंत्रावरची नजर न काढता निकाल दिला, 'इन्नू स्वल्प माडि, अज्जी', आणि शिट्टी मारली.