हंस खाली, पाव्हणे वर

डिसेंबर उजाडला की बारामती-इंदापूरच्या मंडळींना बर्फाची ओढ लागते. उत्तरकाशीतलं केदारकंठ ठरतं. उंची सुमारे १२,५०० फूट, बुटांखाली बांधायचे लोखंडी काटे भाड्याने, आणि माथ्यावर फोटोसाठी रांग. नेमक्या याच हंगामात पट्टकदंब हंस त्या थंडीला विटून, हिमालय ओलांडून, भिगवणला उजनीच्या पाण्यावर उतरतात. त्यांना ना पॅकेज लागतं, ना हप्ते.

इथल्या वाटा मात्र कुणाच्या स्टेटसला दिसत नाहीत. सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य अवघं ५.१४ चौरस किलोमीटरचं. चिंकारा दोन उड्यांत खुरट्या झाडांआड गडप होतो आणि पाव्हणे जाहीर करतात, “इथं बघण्यासारखं काय नाय.” कडबनवाडीच्या माळावर कुसळं मोज्यांत अशी घुसतात, की भाड्याचे काटे लाजावेत, वर ती फुकट. हिवाळी पाहुणा भोवत्या पक्षी गवताला चाटून जातो. पण सातबाऱ्यावर ज्याला पीक नाही, त्याला आपल्याकडे निसर्ग म्हणायची रीत नाही.

तरीही थरारच हवा असेल, तर गळीत हंगामात दिवस मावळल्यावर भिगवण रस्त्याच्या कडेने चालावं. समोर उसाच्या दोन ट्रॉल्या, मागे एकही दिवा नाही, ट्रॅक्टरवर डेकचा दणका. केदारकंठाला निदान गाईड तरी मिळतो. इथे विम्याचा हप्ता भरूनच निघावं.