जाहीर नोटीसबाईंस अनावृत पत्र

प्रति,
श्रीमती जाहीर नोटीस,
आतलं पान, खालचा कोपरा,
मुक्काम प्रिन्स विल्यम काउंटी, व्हर्जिनिया, अमेरिका.

सा. न. वि. वि.

असं पत्र यायची तुम्हाला सवय नाही, हे ठाऊक आहे. अनावृत पत्रं अध्यक्षांना जातात, मंत्र्यांना जातात, फार तर क्रिकेट कप्तानाला. तुम्ही आतल्या पानावर, भिंग घेऊन वाचावं अशा टायपात, तमाम लोकांस कळवीत उभ्या असता आणि तमाम लोक पान उलटतात. महाराष्ट्रातल्या तुमच्या बहिणींचीही हीच कथा. विकास आराखड्यावर हरकती-सूचना मागवायला त्या येतात, मुदत संपते, आणि आपल्या गच्चीवरून रस्ता जाणार असल्याचं माणसाला बुलडोझरवाल्याकडून कळतं.

पण ऑगस्ट २०२५ मध्ये तुम्ही सुमारे २,१०० एकरांचा प्रकल्प एका झटक्यात आडवा केलात. अभिनंदन! तेही स्वतः काही न करता. किंबहुना तुम्ही वेळेवर नीट न आल्यामुळेच.

मराठी वाचकांसाठी थोडी पार्श्वभूमी. वॉशिंग्टनपासून तासाभरावर पेजलँड लेन नावाचा गावरस्ता आहे. एका बाजूला शेतं, कुरणं, घोडे. दुसऱ्या बाजूला मनॅससची रणभूमी, जिथे अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या दोन लढाया झाल्या, १८६१ आणि १८६२ साली. या रस्त्यालगत ‘डिजिटल गेटवे’ नावाने डेटा सेंटरांची वसाहत उभारायचं ठरलं. क्यूटीएस आणि कंपास या दोन कंपन्या, सदतीसपर्यंत इमारती, दोन कोटींहून अधिक चौरस फूट बांधकाम. शेजारच्या लाउडन काउंटीतलं अ‍ॅशबर्न डेटा सेंटरांनी आधीच भरलंय. आपली कितीतरी मराठी मंडळी तिकडे घरं घेऊन राहतात आणि त्यातल्या अनेकांचा पगार याच धंद्यातून येतो. तेव्हा मी डेटा सेंटरांच्या नावाने बोटं मोडणार नाही. माझ्या भाचीच्या लग्नाचे चार हजार फोटो कुठेतरी ठेवावेच लागणार. ते पुन्हा कोणी बघणार नाही हा भाग वेगळा.

आणि शेतकऱ्यांनाही व्हिलन करायला नको. उच्च दाबाच्या वीजवाहिन्या डोक्यावरून गेल्या, रस्त्यावरची रहदारी वाढली, मग राखायचं तरी काय, असं म्हणत जमीनमालकांनीच एकत्र येऊन झोन बदलून मागितला. भाव एकराला दहा लाख डॉलरच्या घरात बोलला जात होता. आपल्याकडे एमआयडीसीची नुसती अफवा उठली तर गावात काय होतं ते आठवा.

निर्णय काउंटीच्या बोर्ड ऑफ सुपरवायझर्सचा. आपल्या जिल्हा परिषदेसारखं म्हणा, फक्त जमिनीचा झोन बदलायचा अधिकार थेट यांच्या हातात. आणि बाई, जनसहभागाच्या बाबतीत या मंडळींना नावं ठेवायला जागाच नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये काउंटीच्या बृहत आराखड्यात ही जागा डेटा सेंटरांसाठी दाखवली, तेव्हा सभा रात्रभर चालली. मग १२ डिसेंबर २०२३ रोजी प्रत्यक्ष झोन बदलण्याची सुनावणी सुरू झाली, ती तब्बल सत्तावीस तास चालली. शेकडो माणसं, प्रत्येकाला मोजून काही मिनिटं. आजोबा बोलले, शिक्षिका बोलल्या, जमीन विकणारे बोलले, पक्ष्यांची काळजी असणारे बोलले, पहाटे तीनला रांगेत ताटकळलेलेही बोलले. बोर्डाने सगळ्यांचं ऐकून घेतलं. ऐकण्याचा असा विक्रम आपल्या ग्रामसभेत होणे नाही. आपल्याकडे कोरम नसतो, तहकूब सभा पुन्हा भरते आणि तिला कोरम लागत नाही.

सत्तावीस तासांनी मतदान झालं. चार विरुद्ध तीन, एक तटस्थ. प्रकल्प मंजूर.

काउंटीच्या नियोजन आयोगाने नकाराची शिफारस केली होती, तीही ऐकली गेली. मतदारांचंही ऐकलं होतं. जून २०२३ मध्ये अध्यक्षा अ‍ॅन व्हीलर यांना त्यांच्याच डेमोक्रॅटिक पक्षाच्या मतदारांनी प्राथमिक निवडणुकीत घरी पाठवलं आणि प्रकल्पाच्या विरोधात बोलणाऱ्या देशुंड्रा जेफरसन यांना उमेदवारी दिली. नोव्हेंबरात जेफरसन निवडूनही आल्या. पण नवं बोर्ड जानेवारीत बसणार होतं, आणि जुन्या बोर्डाच्या हाती डिसेंबर होता. आचारसंहितेच्या आदल्या रात्री नारळ फोडणाऱ्या आपल्या पुढाऱ्यांनी इथे अभ्यासदौरा काढावा. यांनी निवडणूक हरल्यावर नारळ फोडला.

पारदर्शकताही पाहावी तर इथेच. गेन्सव्हिलचे सुपरवायझर पीट कँडलंड वर्षानुवर्षं डेटा सेंटरांच्या विरोधात बोलत. मग त्यांच्या वसाहतीतल्या शेजाऱ्यांबरोबर त्यांनीही आपलं घर विकण्याच्या करारावर सही केली. लपवलं नाही, स्वतः जाहीर केलं. पुढे हितसंबंध आड येतात म्हणून या विषयावर मतदानाला बसणं बंद केलं आणि २०२२च्या डिसेंबरात राजीनामा दिला. सगळं नियमानुसार. मधल्या काळात त्यांच्या मतदारांना, म्हणजे नेमक्या ज्यांच्या परसात हे होणार होतं त्यांना, २०२२च्या आराखड्यावरच्या मतदानात प्रतिनिधीच नव्हता, एवढंच.

व्हर्जिनियातल्या अनेक काउंट्यांचे अधिकारी डेटा सेंटर कंपन्यांशी गुप्ततेचे करार करतात, ही पारदर्शकतेची पुढची पायरी. कंपनीला काउंटीबद्दल सगळं दिसतं, काउंटीतल्या माणसाला कंपनीचं नावही दिसत नाही. काच एकाच बाजूने पारदर्शक असते, हे पोलीस ठाण्याच्या सिनेमांत आपण पाहिलेलं आहे.

बाई, या मातीला असल्या गोष्टींची सवय जुनी आहे. १९८८ साली रणभूमीला लागून कार्यालयं आणि घरं व्हायची होती, त्या परवानगीत एकाएकी मोठा मॉल शिरला. गदारोळ इतका झाला की अमेरिकन काँग्रेसने कायदा करून पाचशेहून अधिक एकर ताब्यात घेतले आणि सरकारी तिजोरीला दहा कोटी डॉलरहून जास्त भुर्दंड पडला. १९९३ साली डिस्नेने जवळच्या हेमार्केटला इतिहासाचं थीम पार्क काढायचं जाहीर केलं. जमिनीचे सौदे आधी गुपचूप, स्वतःचं नाव पुढे न करता. स्थानिक नेते हरखले, इतिहासकार खवळले, आणि १९९४च्या सप्टेंबरात डिस्नेने गाशा गुंडाळला. दर वेळी क्रम एकच: आधी जमीन, मग नकाशा, शेवटी जनता. १८६१ची पहिली लढाई बघायला वॉशिंग्टनची बडी मंडळी खाण्याच्या टोपल्या घेऊन बग्ग्यांतून आली होती आणि संध्याकाळी पळणाऱ्या सैन्याबरोबर धूळ खात परतली. जनसहभागाची इथली परंपरा तेव्हापासूनची.

तर, तुमच्याकडे येतो. ओक व्हॅली वसाहतीतले रहिवासी कोर्टात गेले. रणभूमी वाचवणाऱ्या संस्थेनेही वेगळा दावा लावला. रहिवाशांच्या वकिलांकडे मुद्दे पुष्कळ होते, पण चालला तो तुमचा. कायदा म्हणतो की झोन बदलण्याच्या सुनावणीची नोटीस वर्तमानपत्रात दोनदा यायला हवी आणि त्या दोन नोटिसा व सुनावणी यांच्यात ठरलेलं अंतर हवं. तुमचे दिवस त्या हिशेबात बसले नाहीत. न्यायाधीश किंबर्ली अर्व्हिंग यांनी निकाल दिला: झोन बदल प्रारंभापासूनच रद्दबातल. म्हणजे मंजुरी रद्द झाली असं नव्हे. ती कधी झालीच नव्हती. सत्तावीस तास, तीनशे कप कॉफी (हा आकडा माझा, कोर्टाचा नव्हे), चार विरुद्ध तीन, सगळं कायद्याच्या नजरेत हवेत विरलं.

मला हसू यायचं कारण असं. डेटा सेंटर चांगलं की वाईट, पाणी किती, वीज किती, रणभूमीवरून काय दिसेल, हे त्या शेकडो माणसांनी घसा कोरडा करून सांगितलं. त्यातल्या एकाही वाक्याने प्रकल्प थांबला नाही. थांबला तो तारखांनी. कोणीही विचारेल की हॉल भरून वाहत होता, मग लोकांना कळलं नव्हतं असं कसं म्हणता? प्रश्न बिनतोड आहे. पण या बोर्डाच्या कारभारात लोकांचं म्हणणं ऐकायचं की नाही हे सभासदांच्या मर्जीवर होतं. लोकांना कळवायचं की नाही हे मर्जीवर नव्हतं. दात होते ते फक्त तुम्हाला. म्हणून तुम्हाला मान द्यायचा, आणि म्हणूनच थोडी भीतीही वाटते. कारण दात आहेत हे आता त्यांनाही कळलंय. पुढच्या वेळी तुम्ही अगदी वेळेवर याल, दोनदा याल, अंतर मोजून याल, सगळे कागद लोकांना पाहायला ठेवलेले असतील, आणि सत्तावीस तास ऐकून निर्णय तोच होईल. तेव्हा तुमच्यात खोट काढता येणार नाही.

म्हणून बाई, एक विनंती. बारीक टायप सोडा. पहिल्या पानावर या, नकाशासकट या, ‘अमुक जिल्हा, तमुक प्लॉट’ असं न बोलता ‘घोड्यांच्या कुरणापासून रणभूमीच्या कुंपणापर्यंत’ असं सरळ बोला. कोणत्या कंपनीसाठी, तेही सांगा. मतदान करणाऱ्यांपैकी कोणाची मुदत किती दिवस उरली आहे, हे खाली एका ओळीत छापा. कायद्यात एवढं सक्तीचं नाही, पण मनाईही नाही.

निकालानंतर कंपन्या अपिलात गेल्या, काउंटीही गेली. काउंटीच्या वकिलांचं बिल करदाते भरतात, आणि त्या करदात्यांत ओक व्हॅलीचे दावेदारही आहेत.

कळावे, लोभ असावा.

आपला,
आतलं पान वाचणारा