एल्कच्या शिकारीचे काडतूस: नवशिक्यांसाठी पहिला पाठ

आधी पंथ निवडावा, काडतूस मागाहून. अमेरिकेच्या रॉकी पर्वतात एल्क हे मोठे हरीण मारायला निघालेल्या माणसाला बंदूक नसली तर चालते, मत नसले तर कोणी शेकोटीजवळ बसू देत नाही. पंथ मुख्यतः दोन. बंदुकांवर लिहिणारे जॅक ओ'कॉनर यांचे भक्त हलकी, वेगवान गोळी मानतात. १९२५ साली निघालेले .२७० विंचेस्टर हे काडतूस त्यांचे दैवत. त्याच धंद्यातले एल्मर कीथ यांचे भक्त म्हणतात, गोळी जाड आणि जड हवी, बाकी सगळा पोरखेळ. ओ'कॉनर १९७८ मध्ये गेले, कीथ १९८४ मध्ये. वाद ठणठणीत आहे.

मग आकडे पाठ करावेत, अर्थ विचारू नये. .३०-०६ मधला ०६ म्हणजे १९०६ साल. .२७० ची गोळी .२७७ इंच जाड असते. .३०८, .३०-०६ आणि .३०० विंचेस्टर मॅग्नम या तिघांत गोळी एकाच जाडीची, फरक फक्त मागच्या दारूचा. हे दुकानात बोलून दाखवू नये, दुकानदाराला वाईट वाटते.

नवशिक्याने मॅग्नमच, म्हणजे जास्त दारूचे काडतूसच घ्यावे, असा प्रघात आहे. खांद्याला असा हिसका बसतो की तिसऱ्या बारापासून चाप ओढण्याआधीच डोळे मिटू लागतात. विचारले तर 'छे, काहीच जाणवत नाही' म्हणावे. तीनशे किलोंच्या नराला मात्र मॅग्नम आणि बिगरमॅग्नम यांतला भेद कळत नाही. गोळी फुप्फुसात शिरली की पोटात, एवढाच कळतो.

खरे लक्ष द्यायचे ते गोळीकडे, म्हणून तिच्याबद्दल कोणी फारसे भांडत नाही. १९४६ साली ब्रिटिश कोलंबियात जॉन नॉस्लर या शिकाऱ्याच्या गोळ्या चिखलाने माखलेल्या मूस या अवाढव्य हरणाच्या कातडीवरच फुलल्या, आत पोचल्याच नाहीत. घरी येऊन त्यांनी गोळीच्या पोटात आडवी भिंत घातली: पुढचे शिसे फुलते, मागचे शाबूत राहून आत घुसते. ही 'पार्टिशन' गोळी आजही विकली जाते. नवी मंडळी निव्वळ तांब्याची गोळी वापरतात. शिशाचे कण जनावराच्या टाकून दिलेल्या आतड्यांतून काँडर गिधाडांच्या पोटात जातात आणि ती विषबाधेने मरतात. म्हणून कॅलिफोर्नियात २०१९ पासून शिकारीत शिशाची गोळी चालत नाही.

कोलोरॅडोचा कायदा एल्कसाठी एवढेच मागतो: नळीचा व्यास किमान .२४ इंच, गोळी फुलणारी आणि वजनाने किमान ८५ ग्रेनची, शंभर यार्डांवर १००० फूट-पाउंड जोर. शेकोटीजवळ ज्याला रात्र पुरत नाही ते दोन ओळींत उरकणे बरे दिसत नाही, म्हणून शिकारी हा नियम सहसा उच्चारत नाहीत.

अगदीच घाई असेल तर .३०-०६ आणि १८० ग्रेनची चांगली गोळी घ्यावी. वाचलेल्या पैशांत सरावाची काडतुसे घेऊन बसून, गुडघ्यावर आणि उभ्याने, धाप लागलेली असताना नेम धरावा. हा सल्ला पाळणारे थोडे. बहुतेक एल्कशिकारी हंगामाअखेर रिकाम्या हातांनी घरी जातात, आणि त्यांच्या खिशात अत्यंत विचारपूर्वक निवडलेली काडतुसे असतात.