नानांचं ग्रीनहाऊस

शहादा-तळोदा पट्ट्यात रोपं घ्यायला गेलात तर नाना भेटणारच. या गावात नसले तर पुढच्या गावात असतील. नाव बदलतं, टोपी आणि उत्साह तोच. मिरचीची रोपं मागितली की म्हणतात, "आधी ग्रीनहाऊस बघून घ्या."

हे ग्रीनहाऊस म्हणजे 10 गुंठ्यांवर लोखंडी पाइप आणि वर हिरवी जाळी. कृषी सहायकाने एकदा धीर करून सांगितलं, "नाना, हे शेडनेट. ग्रीनहाऊसला काच लागते, नाहीतर 200 मायक्रॉनचा प्लास्टिक कागद. आत ऊब धरून ठेवायला." नानांनी जाळीकडे बोट दाखवलं. "हा रंग कोणता?" सहायक गप्प. खरं तर ऊब धरून ठेवणं ही हॉलंडची गरज. नंदुरबारला मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा ऊन हाकलायचं कसं एवढीच विवंचना. त्या बंद कागदाखाली रोपांच्या आधी नानाच उकडून निघाले असते.

पाहुण्याला ते पाइपाची जाडी सांगतात, नटबोल्टांना हात लावायला लावतात. मग दारं. एकामागे एक दोन. बाहेरचं लागल्याशिवाय आतलं उघडायचं नाही, कारण पांढरी माशी शिरली की मिरचीवर बोकड्या आलाच. हे सारं नाना दोन्ही दारं सताड उघडी धरून समजावतात. सावकाश.

"नाना, टेम्पो उभा शे, रोपं द्या ना!" बाहेरून हाक येते. ती काकींना ऐकू जाते.

कारण रोपवाटिका काकींची. 2020 साली सरकारने अहिल्यादेवी होळकरांच्या नावाने रोपवाटिका योजना काढली, तेव्हा नानांनी त्यात फक्त शेडनेटचं अनुदान वाचलं. रोपवाटिका काकींनी वाचली. ट्रेमध्ये कोकोपीट, एका खळग्यात एक बी, पाचेक आठवड्यांत मिरचीचं रोप तयार. शेवटच्या दिवसांत त्या पाणी तोडतात आणि ट्रे उन्हात काढतात, रोप काटक व्हावं म्हणून. नानांना ते बघवत नाही. एवढं घर बांधून दिलं, तरी ही पोरांना बाहेर काढते! काकींची पपईची रोपं तर कडुनिंबाखाली, काळ्या पिशव्यांत वाढतात, आणि लागवडीआधीच वहीत बुक होऊन जातात. झाडाखाली नर्सरी चालते, आणि ग्रीनहाऊस रिकामं असलं तरी ग्रीनहाऊसच, हे दोघांनाही मान्य आहे; फक्त काकींना पहिल्यात रस, नानांना दुसऱ्यात.

मिरचीचा हंगाम सरला, शेवटचा ट्रे गेला, की नाना मधोमध खुर्ची टाकून बसतात. आता कसं, सगळे पाइप नीट दिसतात. गेल्या खेपेला काकींनी पपईच्या पिशव्या इथेच सावलीत भरायच्या म्हणून मातीची ट्रॉली मागवली. नाना दारात हात पसरून उभे.

"ग्रीनहाऊसमध्ये माती? काही लाज!"