अकरा महिन्यांचा गारवा

बाबांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन मे महिन्यात डोंबिवलीत करायचं ठरलं, तेव्हा त्यांनी फोनवर एकच प्रश्न विचारला, "तुमच्याकडं कूलर हाय ना?" मी नाही म्हणालो. पलीकडे बराच वेळ शांतता. अकोल्याच्या माणसाला मे महिन्यात बिनकूलरच्या घरी बोलावणं म्हणजे पान न मांडता पंगतीला बसवणं.

आमच्याकडे उन्हाळा सोसत नाहीत, त्याचा बंदोबस्त करतात. होळी झाली की कूलर माळ्यावरून उतरतो. ताट्यांमधलं गेल्या वर्षीचं काळं पडलेलं गवत काढायचं, नवं भरायचं, टाकीचा गंज खरवडायचा, पंप चालतो का ते बादलीत बुडवून बघायचं. हे सगळं बाबा स्वतः करतात आणि त्या दिवशी घरात त्यांच्याशी दुसऱ्या विषयावर कुणी बोलत नाही. सकाळी दहाला दारं-खिडक्या बंद. दुपारी सगळे मधल्या खोलीत, संध्याकाळी ओट्यावर, रात्री पाणी शिंपडलेल्या गच्चीवर. पहाटे गार वारा सुटला की पायथ्याशी घडी करून ठेवलेली चादर झोपेतच गळ्यापर्यंत यायची. पोर्टेबल हा शब्द तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हता. घरातली जड वस्तू कुठलीच हलत नसे, गारव्याच्या मागे माणसंच हलत.

हा कूलर डोंबिवलीत का आणत नाही, हे बाबांना समजावणं अवघड गेलं. कूलर काही गारवा तयार करत नाही. गवतावरून पडणाऱ्या पाण्याची वाफ होते आणि त्या वाफेसाठी लागणारी उष्णता हवेतून घेतली जाते. अकोल्याची हवा मे महिन्यात अशी तहानलेली असते की दिसेल ते पाणी पिऊन टाकते. डोंबिवलीची हवा खाडीकाठची, आधीच पोटभर जेवून बसलेली. तिला आणखी पाण्याचा आग्रह केला तर ती फक्त ढेकर देते, आणि तो ढेकर आपल्या बनियनवर येतो. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मंग तुमच्याकडचा कूलर खराब असंल."

डॉक्टरांनी मात्र निकाल दिला होता. ऑपरेशननंतर डोळ्यात घाम जाता कामा नये. म्हणजे एसी घेणं आलं.

आमचं घर भाड्याचं. मालकांचा स्वभाव चांगला आहे, फक्त भिंतींच्या बाबतीत ते हळवे आहेत. कॅलेंडरसाठी खिळा ठोकायचा तरी फोन करावा लागतो. स्प्लिट एसी म्हटल्यावर त्यांनी विचारलं, "भिंतीला भोक किती पडेल?" मी दोन बोटांनी आकार दाखवला आणि मग लक्षात आलं की आपण फोनवर आहोत. नकार आला. विंडो एसीसाठी ग्रिल कापावं लागतं. तिथे मी विचारायलाच गेलो नाही. आता आमच्या अकरा महिन्यांच्या कराराला शोभेल असा, भिंतीला न दुखावणारा आणि घर बदललं की टेम्पोत बसून आमच्याबरोबर येणारा एसी हवा होता. पोर्टेबल एसी हा भाडेकरूंसाठीच जन्माला आलेला आहे याबद्दल माझी खात्री पटली.

शोध घेताना आधी एक "मिनी एसी" मोबाईलवर पाहिला. जेवणाच्या डब्याएवढा, निळा दिवा लागणारा, वर पाणी ओतायची सोय. चित्रातली बाई त्याच्यासमोर शाल पांघरून बसली होती. पाणी ओतायचं म्हटल्यावर माझ्यातला अकोलेकर जागा झाला: हा तर कूलर, तोही रांगणारा! पोर्टेबल एसी या नावाखाली असे पुष्कळ पाणीपंखे विकले जातात. ओळखायची खूण सोपी. मागे हाताच्या पंज्याएवढ्या व्यासाची नळी नसेल आणि पाणी ओतायला सांगत असतील, तर तो एसी नव्हे. खोलीतली उष्णता काढली तर ती कुठेतरी टाकावी लागते. ती टाकायला वाट नसलेलं यंत्र खोलीतल्या खोलीतच हिशेब फिरवत बसतं.

शेवटी आम्ही तिघं दुकानात गेलो. ऑपरेशनला चार दिवस होते, त्यामुळे बाबांना एका डोळ्यानं दिसत होतं आणि त्या डोळ्यानं ते किमती वाचत होते. विक्रेत्या मुलानं विचारलं, "रूम किती बाय किती?" दहा बाय बारा. "वर गच्ची?" नाही, वर एक कुटुंब आहे आणि ते रात्री फर्निचर हलवतं. "मग एक टन बास."

"एक टन?" बाबा यंत्राकडे बघत म्हणाले. "हे एक टनाचं हाय?"

यंत्राचं वजन तीसेक किलो होतं. मग मी टनाची गोष्ट सांगितली. पूर्वी गारवा म्हणजे बर्फच. म्हणून पुढे यंत्रं आली तेव्हा त्यांची ताकदही बर्फातच मोजली. एक अमेरिकी टन, म्हणजे सुमारे ९०७ किलो बर्फ २४ तासांत वितळताना जितकी उष्णता शोषून घेईल, तितकी उष्णता खेचणारं यंत्र एक टनाचं. तासाला १२,००० बीटीयू हा छापील आकडा त्याचाच. बाबांना बीटीयू कळलं नाही, पण बर्फ लगेच कळला. आत्याच्या लग्नात भुशात आणि गोणपाटात गुंडाळलेली बर्फाची लादी सायकल-रिक्षातून आली होती आणि ती मांडवात पोचेपर्यंत अर्धी झाली होती. "म्हंजे रोज अशा किती लाद्या?" त्यांनी विचारलं आणि ते बोटांवर मोजू लागले. विक्रेता हप्त्यांकडे वळू पाहत होता, पण बाबा लाद्यांवरून हलेनात.

बायकोनं एवढ्यात खरा प्रश्न विचारला. "एवढ्याच टनाचा स्प्लिट याहून महाग नाही, आणि वीज कमी खातो. मग हा का घ्यायचा?" विक्रेत्यानं आमच्याकडे दयेनं पाहिलं. "मॅडम, रेंटवर आहात ना?" या एका वाक्यात पोर्टेबल एसीचं सगळं अर्थशास्त्र आलं.

यंत्र घरी आलं. त्याला चार चाकं आहेत, हे मी आल्यागेल्याला कौतुकानं दाखवलं. मग त्याला जागा शोधू लागलो. त्याला पंधरा-सोळा अँपियरचा पॉवर प्लग लागतो. तसे आमच्या घरात दोनच, एक गीझरचा आणि एक बेडरूममध्ये कपाटामागे. नळी दीड मीटर, म्हणून खिडकीपासून लांब नेता येत नाही. एक्स्टेंशन बोर्ड लावू नका असं पुस्तकात ठळक अक्षरात. सगळ्या अटी पाळल्या तर घरात ते ठेवण्यासारखी जागा एकच उरते. कपाट तेवढं हललं.

खिडकीत बसवायची जी पट्टी बरोबर येते, ती आमच्या सरकत्या काचा, जाळी आणि ग्रिल या त्रिकुटासाठी बनवलेली नव्हती. वर उरलेली वीतभर फट थर्माकोल, मेहुण्याच्या लग्नाच्या पत्रिकांचा पुठ्ठा आणि चिकटपट्टी यांनी बुजवली. बाहेर बॉक्स ग्रिलमध्ये दोन वर्षांपासून कबुतरांचं बिऱ्हाड होतं. मालकांनी, मी, बायकोनं, प्लॅस्टिकच्या घुबडानं, सगळ्यांनी विनंत्या करून झाल्या होत्या. नळीतून गरम वारा सुरू झाला आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी घर सोडलं. तीही बहुधा अकरा महिन्यांच्या करारावरच असावीत.

रिमोटवर मी २४ आकडा लावला. बाबा म्हणाले, "चोवीस म्हंजे आमची दिवाळी." ४५ अंशांचा माणूस तो, पांघरूण मागून घेतलं.

दोन-तीन दिवसांत एक चमत्कार लक्षात आला. खोली गार होत होती, पण तिच्यात वांग्याच्या भाजीचा वास येत होता. स्वयंपाकघर पलीकडे, दार बंद. मग कळलं: यंत्र खोलीतलीच हवा गरम करून नळीतून बाहेर फेकतं. जितकी हवा गेली तितकी कुठूनतरी आत यायलाच हवी. ती दाराखालच्या फटीतून, स्वयंपाकघरातून, फोडणीसकट येते. म्हणजे एका हातानं गारवा करायचा आणि दुसऱ्या हातानं घरभरची उष्णता आत ओढायची. अमेरिकेत अशा यंत्रांवर दोन आकडे देतात; दुसरा असले तोटे वजा करून काढलेला आणि चांगलाच उतरलेला असतो. दोन नळ्यांची यंत्रंही मिळतात, एक नळी बाहेरची हवा आणणारी, एक नेणारी, पण आमच्या दुकानात ती नव्हती. बायकोनं दाराखाली जुनी सतरंजी गुंडाळून लावली आणि वांग्याची भाजी सकाळी करायला सुरुवात केली.

आवाजाबद्दल मी धास्तावलो होतो. स्प्लिट एसीचा घरघरणारा अर्धा भाग भिंतीबाहेर टांगलेला असतो. आमच्या यंत्राच्या पोटात दोन्ही भाग. पहिल्या रात्री ते चालू झालं तेव्हा शेजारी पिठाची गिरणी निघाल्यासारखं वाटलं. ऑपरेशन झालेला माणूस यात कसा झोपणार? बाबा मात्र दहा मिनिटांत घोरू लागले. सकाळी म्हणाले, "लय दिवसांनी झोप लागली बापू. तुमच्याकडं रात्री लय शांत असते." चाळीस उन्हाळे कूलरच्या धडधडीत झोपलेल्या माणसाला रुळांच्या जवळचं डोंबिवली शांत वाटत होतं.

एसी एकाच खोलीत, त्यामुळे रात्री नऊ वाजले की सगळं घर तिकडे सरकू लागलं. आधी मुलगी अभ्यासाची वही घेऊन, मग बायको मोबाईल चार्जरसकट, मग मी गादी ओढत. दार झटकन लावायचं, सतरंजी सरळ करायची, "कोण उघडं ठेवतंय" म्हणून एकमेकांवर ओरडायचं. चाकं असलेलं यंत्र कोपऱ्यात गच्च बसलेलं आणि चार माणसं रोज पथारी घेऊन त्याच्याकडे निघालेली.

एकदा रात्री दोनच्या सुमारास यंत्र थांबलं. लाल दिवा. बाबा आधीच उठून बसले होते. "पाणी संपलं असंल त्याचं," म्हणाले आणि सवयीनं बादलीकडे निघाले. मी म्हटलं, "बाबा, संपलं नाही. भरलंय." हवेतलं पाणी आत गोळा होतं, बरंचसं नळीवाटे वाफ होऊन जातं, पण डोंबिवलीच्या दमट रात्री ते आवरत नाही, टाकी भरते आणि यंत्र बंद पडतं. तसं पाहिलं तर पाणी काढणं हेच या यंत्राचं मूळ काम. १९०२ साली विलिस कॅरिअरनं ब्रुकलिनमधल्या एका छापखान्यासाठी जी योजना आखली ती दमट हवेत कागद फुगू नये म्हणून. माणसांचा विचार पुढे कधीतरी झाला. आमच्या कचेरीत तो अजून व्हायचाय. तिथे सर्व्हरच्या खोलीला एसी आहे आणि आम्हाला पंखा.

मी मागचं बूच काढलं. पाणी परातीत पडू लागलं. बाबांनी डोळ्यावरचा काळा चष्मा जरा वर केला, बोट बुडवून पाहिलं.

"थंडगार हाय," ते म्हणाले. "कुठून आलं म्हणतोस?"

"हवेतून."

"नळ नाही, टँकर नाही?"

"नाही."

परात भरली तशी त्यांनी ती जपून बादलीत रिकामी केली आणि पुन्हा खाली लावली. दुसरी परात, तिसरी. बुचातून थेंब पडायचे थांबल्यावरही ते बादलीपाशी बसून राहिले. आमच्या अकोल्याच्या घरी या दिवसांत नळ येतो त्या दिवशी आधी पिण्याचं भरतात, मग वापरायचं, आणि उरलं तर कूलरचं.

"वाया नको घालवू," ते म्हणाले. "उद्या कोणी अकोल्याले जाणारं हाय का पाह्य."